सासरच्या कोणाकोणाची नावं घालायची? बेळगाव सीमाभागात छळाची फौजदारी तक्रार देताना

मुलगी छळाला कंटाळून माहेरी आली की घरात चार माणसं जमतात आणि बोलणं लवकरच एका प्रश्नावर येतं: तक्रारीत नावं कोणाकोणाची घालायची? रागाच्या भरात यादी लांबत जाते. नवरा, सासू, सासरे, मग पुण्यात नोकरीला असलेला दीर, इचलकरंजीला दिलेली नणंद, तिचा नवरा आणि शेवटी लग्न जमवणारा मामा. पुढे खटला जिथे लंगडा पडतो ती जागा बहुतेक वेळा हीच असते. ज्यांच्याविरुद्ध ठोस काही नाही ती माणसं उच्च न्यायालयात जाऊन स्वतःपुरता गुन्हा रद्द करून घेतात. त्यात वर्षं जातात आणि उलटतपासणीत बचावाचा वकील विचारतो, 'नणंदेबद्दल खोटं लिहिलंत, मग सासूबद्दल लिहिलेलं खरं कशावरून?' ज्या बाईने खरोखर मार खाल्ला तिचाच शब्द हलका होतो. म्हणून पहिल्या कागदावर जितकी मेहनत घ्याल तितकी थोडी.

आजचा कायदा

१९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आलं. १ जुलै २०२४ पासून तोच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे आणि 'क्रूरता' म्हणजे काय ते कलम ८६ सांगतं. छळ त्या तारखेआधीचा असेल तर जुनं ४९८-अ लागतं, नंतरचा असेल तर ८५. दोन्हीकडे पसरलेला असेल तर दोन्ही कलमं लागतात. म्हणजे प्रसंगाची तारीख इथूनच महत्त्वाची होते.

शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. गुन्हा अजामीनपात्र आहे आणि कर्नाटकात तो आपसात मिटवून मागे घेता येत नाही. तक्रार स्वतः पीडितेने किंवा तिच्या रक्ताच्या, लग्नाच्या वा दत्तक नात्यातल्या माणसाने दिली तर तो दखलपात्र ठरतो. म्हणजे वडील किंवा भाऊही तक्रार देऊ शकतात.

क्रूरता दोन प्रकारची. एक, बाई जीव देईल किंवा तिच्या शरीराला वा मनाला गंभीर इजा होईल असं जाणूनबुजून केलेलं वागणं. दोन, पैसे वा वस्तू उकळण्यासाठी केलेला जाच. हुंड्याची मागणी नसली तरी पहिल्या प्रकारात गुन्हा होतो, त्यामुळे खोटी मागणी जोडायची काही गरज नाही. आणि आरोपी होऊ शकतात ते फक्त नवरा आणि त्याचे नातेवाईक. शेजारी, मध्यस्थ, किंवा नवऱ्याचे जिच्याशी संबंध आहेत ती बाई 'नातेवाईक' ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच हे स्पष्ट केलं आहे.

मुदतही लक्षात ठेवा. या गुन्ह्याला तीन वर्षांची कालमर्यादा आहे. छळ चालू असेल तर प्रत्येक नव्या प्रसंगापासून ती नव्याने मोजली जाते, पण घर सोडून चार वर्षं उलटली आणि मध्ये काहीच घडलं नाही, तर अडचण होते.

कोणत्या ठाण्यात जायचं

सीमाभागात हा प्रश्न रोजचा आहे. मुलगी खानापूरची आणि सासर चंदगडला, किंवा मुलगी कागलची आणि सासर निपाणीला. ठाण्यात गेलं की 'सासर पलीकडच्या राज्यात आहे, तिकडे जा' असं सांगून परत पाठवतात. हे बरोबर नाही. छळामुळे घर सोडून बाई जिथे आसऱ्याला आली, त्या जागेच्या ठाण्याला आणि कोर्टालाही अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल २०१९ रोजी रूपाली देवी प्रकरणात सांगितलं. म्हणजे सासर गडहिंग्लजला असलं तरी खानापूरचं ठाणं गुन्हा नोंदवून तपासही करू शकतं. शिवाय हद्दीचा वाद असला तरी आधी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून मग योग्य ठाण्याकडे पाठवण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे.

निवड तुमच्या हातात असेल तर विचार करून करा. खटला चालेल तिथे प्रत्येक तारखेला तुम्हाला आणि तुमच्या साक्षीदारांना जायचं आहे. माहेर कर्नाटकात असेल तर कागद कन्नडमध्ये होतील, पण येणं-जाणं सोपं. सासर कर्नाटकात असताना तक्रार महाराष्ट्रातल्या ठाण्यात दिली तर कागद मराठीत, पण पंचनाम्यासाठी तिथल्या पोलिसांना हद्द ओलांडून यावं लागेल. आमच्या मते भाषेपेक्षा अंतर जास्त छळतं, कारण साक्ष बरीच उशिरा होते आणि तोवर बाईच्या हातात नोकरी किंवा कडेवर मूल असतं. मात्र दोन्हीकडे तक्रार देऊ नका. त्याच घटनांवरचा दुसरा गुन्हा टिकत नाही आणि दोन कागदांतल्या फरकांवर बचाव उभा राहतो.

ठाण्यात जाण्याआधी काय गोळा करायचं

मारहाण झाली असेल तर आधी दवाखाना. सरकारी दवाखान्यात, बेळगावात असाल तर बिम्समध्ये, 'कोणी मारलं' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तिथल्या नोंदवहीत 'पडून लागलं' असं आलं की पुढे ते पुसता येत नाही. लाजेपोटी बायका हेच सांगतात, म्हणून सोबत जाणाऱ्याने आधीच समजावून ठेवावं.

लग्न ठरताना दोन्ही बाजूंच्या सह्यांची याद झाली असेल तर ती शोधा. सोनं किती, मानपान किती, भांडी कोणती, हे त्यात असतं. हुंडा दिल्याचं त्यात दिसतं म्हणून वडील ती लपवतात. हुंडा देणं गुन्हा आहे हे खरं, पण हुंडा प्रतिबंधक कायदा, १९६१ मधल्या कलम ७ नुसार पीडित व्यक्तीने दिलेल्या निवेदनावरून तिच्यावरच खटला चालवता येत नाही. तरी याद दाखवण्यापूर्वी वकिलाशी एकदा बोला.

पैशांचा माग कागदावर दाखवता आला पाहिजे. 'वडिलांनी दोन लाख दिले' एवढ्याने भागत नाही. उसाचं बिल जमा झाल्याचा बँक उतारा, सोसायटीचं कर्ज, सोनं गहाण ठेवल्याची पावती, फोनवरून पाठवलेल्या रकमांची नोंद, यातलं जे असेल ते घ्या. मागणीच्या तारखेजवळ रक्कम काढलेली दिसली की तोंडी शब्दाला आधार मिळतो.

दागिन्यांची वेगळी यादी करा: नग, वजन, सराफाची पावती, कोणी घातला, लग्नाच्या फोटोत दिसतो का आणि आज कोणाकडे आहे. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. स्त्रीधन दाबून ठेवल्याचा विश्वासघाताचा गुन्हा (न्याय संहिता कलम ३१६) त्याच माणसावर लागतो ज्याच्या हाती तुम्ही दागिने सोपवले. 'सासरच्यांनी ठेवून घेतले' यात कोणीच पकडलं जात नाही. 'पाटल्या आणि गंठण सासूबाईंनी पूजेनंतर कपाटात ठेवायला म्हणून घेतले' यात एक माणूस आणि एक प्रसंग आहे.

मोबाइलचं मूळ यंत्र जपा. धमकीचे संदेश, आवाजाच्या नोंदी यांचे नुसते फोटो पुरत नाहीत. कोर्टात त्यांच्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. फोन विकला, बदलला किंवा सगळं पुसून दुरुस्तीला दिला की पुरावा गेला.

तक्रार लिहिताना

ठाण्याबाहेर टायपिंग करून देणाऱ्यांकडे एक ठरलेला साचा असतो. त्यात साधारण असं वाक्य येतं: 'लग्नानंतर सहा महिन्यांपासून पती, सासू, सासरे, दीर, नणंद व नणंदेचा पती या सर्वांनी संगनमताने माहेरून पैसे आण म्हणून माझा मानसिक व शारीरिक छळ केला.' हे वाक्य वजनदार वाटतं, पण कोर्टात त्याला किंमत जवळजवळ नाही. कोणी, कधी, कुठे, काय केलं यातलं एकही त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०२२ च्या कहकशाँ कौसर प्रकरणात आणि १० डिसेंबर २०२४ च्या दारा लक्ष्मी नारायण प्रकरणात अशाच मोघम आरोपांवरून नातेवाइकांवरचे खटले रद्द केले.

तीच गोष्ट अशी लिहिता येते: 'गेल्या वर्षी बेंदराच्या आदल्या रात्री नऊच्या सुमारास स्वयंपाकघरात सासूबाईंनी ट्रॅक्टरचा हप्ता तुझ्या बापाकडून आण असं म्हणून माझ्या डाव्या हातावर उलथणं मारलं. पतींनी दाराला आतून कडी लावली. सासरे त्या दिवशी बाहेरगावी होते. सकाळी मी भावाला फोन केला. तो दुपारी आला आणि मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला.'

यातलं सासऱ्यांविषयीचं वाक्य मुद्दाम पाहा. जो नव्हता तो नव्हता असं लिहिलं की उरलेलं सगळं जास्त खरं वाटतं. फोनची नोंद, दवाखान्याची नोंद आणि भावाची साक्ष एकमेकांना जुळतात. असे तीन-चार प्रसंग नीट लिहिले तर चाळीस ओळींच्या छळाच्या वर्णनापेक्षा ते भारी ठरतात.

तारीख आठवत नसेल तर बनवू नका. दिवाळसण, डोहाळजेवण, बाळाचं बारसं, ऊसतोड, गावची यात्रा यांच्या आधारे आठवा आणि जुन्या दिनदर्शिकेवरून तारीख काढा. तरीही जमलं नाही तर 'साधारण मार्गशीर्षात' असं लिहिणं प्रामाणिक आणि चालण्यासारखं आहे. चुकीची तारीख मात्र घात करते. त्या दिवशी नवरा परगावी कामावर होता अशी हजेरीपत्रकाची नोंद आली की संपलं.

आता नावांचं. एका कागदावर प्रत्येक नातेवाइकाचं नाव लिहा आणि पुढे त्याने केलेली एक तरी ठराविक कृती लिहा. कृती आठवत नसेल तर ते नाव आरोपींत घालू नका. दूर राहणारे नेहमी निर्दोषच असतात असं नाही. नणंद इचलकरंजीहून रोज फोन करून 'तिला घालवून द्या' म्हणत असेल तर तो फोन कोणाच्या फोनवर, साधारण कधी आला आणि नंतर घरात काय झालं, हे लिहा. तेव्हा नाव टिकतं. नुसतं 'तिच्या सांगण्यावरून' म्हटल्याने टिकत नाही.

सासरे, दीर किंवा आणखी कोणी अंगाला हात लावला असेल, तर ते पहिल्याच तक्रारीत आलं पाहिजे, कितीही जड गेलं तरी. अशा गुन्ह्याची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, तशी मागणी करा. वर्षभराने पुरवणी जबाबात आलेला हा आरोप खरा असूनही 'मागाहून सुचलेला' ठरवला जातो. आणि घडलं नसेल तर वजन वाढवायला असा आरोप कधीच जोडू नये. त्याने निरपराध माणूस उद्ध्वस्त होतो आणि खरं सांगणाऱ्या पुढच्या बाईवरचा विश्वास कमी होतो.

उशीर का झाला तेही लिहा. आपल्याकडे आधी भावकीची बैठक होते, मग पंच, मग दोन महिने वाट पाहणं. तक्रारीत बैठकांची तारीख, जागा आणि हजर असलेल्यांची नावं घातली की उशिराचं कारण मिळतं आणि साक्षीदारही. बैठकीत 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही' अशा कागदावर सही मात्र करू नका. पुढे तोच कागद समोर येतो.

कन्नड कागद आणि मराठी तक्रारदार

कर्नाटकातल्या ठाण्यात गुन्ह्याची नोंद कन्नडमध्ये होते. ज्यांना कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, त्यांची इथे फसगत होते. तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर वाचून दाखवणं आणि मगच सही घेणं कायद्याने बंधनकारक आहे. वाचून दाखवा म्हणा. कन्नड वाचणारं विश्वासातलं माणूस सोबत न्या आणि नावं, नाती, तारखा, रकमा या चार गोष्टी बोट ठेवून तपासा. दीर आणि नणंदेचा नवरा यांची अदलाबदल, 'एकदा मारलं'चं 'वारंवार मारलं' होणं, हजर नसलेल्याचं नाव घुसणं, असे घोळ नेहमी होतात.

तक्रार घरूनच मराठीत लिहून नेणं उत्तम. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. पण वादात दिवस घालवण्यापेक्षा सोबत कन्नड भाषांतर जोडा, मराठी मूळ प्रतीवर पोहोच घ्या आणि ती जपून ठेवा. साक्षीच्या वेळी तीच आठवण ताजी करते.

आई-वडिलांचे जबाबही कन्नडमध्ये होतात आणि त्यावर सही घेतली जात नाही. आरोपपत्र दाखल झालं की प्रती मिळवून ते जबाब कोणाकडून तरी मराठीत समजून घ्या. साक्षीच्या दिवशी पिंजऱ्यात उभं राहून 'मी असं सांगितलंच नव्हतं' म्हणण्याची वेळ येऊ नये.

नोंद झाल्यावर आणि नोंद होत नसेल तर

वैवाहिक वादात पोलीस आधी दोन्ही बाजूंना बोलावून अर्ज-चौकशी करतात. अशी प्राथमिक चौकशी करता येते, पण त्यासाठी उपअधीक्षकांची परवानगी लागते आणि ती १४ दिवसांत संपवायची असते. नोंद झाली की प्रथम माहिती अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. ९० दिवसांत तपासाची प्रगती कळवणंही पोलिसांवर बंधनकारक आहे.

ठाण्याने घेतलंच नाही तर 'हिंबरह' म्हणजे लेखी उत्तर मागा. मग तक्रारीचा मजकूर स्पीड पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा, बेळगाव शहर हद्दीत पोलीस आयुक्तांना. टपालाची पावती ठेवा, कारण तिच्याशिवाय पुढची पायरी अडते. त्यानंतर खानापूर, चिक्कोडी, निपाणी, अथणी अशा आपल्या तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. कर्नाटकात त्याला पीसीआर, म्हणजे खासगी फिर्यादींच्या नोंदवहीतला क्रमांक पडतो. कोर्ट पोलिसांना तपासाचा आदेश देऊ शकतं किंवा खासगी फिर्याद म्हणून पुढे नेऊ शकतं. आरोपी महाराष्ट्रात किंवा गोव्यात राहत असतील तर खासगी फिर्यादीत समन्स काढण्याआधी कोर्टाला चौकशी करावी लागते, म्हणजे आणखी वेळ.

तपासानंतर पोलिसांनी काही आढळलं नाही असं म्हणत 'बी रिपोर्ट' दिला तर घाबरू नका. कोर्टाची नोटीस येते आणि त्यावर हरकत अर्ज देता येतो. तारीख चुकवली तर मात्र प्रकरण तिथेच बंद होऊ शकतं.

ज्या नातेवाइकाचं नाव आलं आहे त्यांच्यासाठी

पळून जाऊ नका. २ जुलै २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून या गुन्ह्यात सरसकट अटक चालत नाही. पोलिसांनी नोटीस द्यायची (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५) आणि तुम्ही हजर राहून सहकार्य केलं तर अटकेची गरज का आहे हे त्यांना लेखी नोंदवावं लागतं. गायब झालात तर ते कारण तुम्हीच पुरवता. ही नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. तरीही संदेश आला तर दुर्लक्ष न करता वकिलामार्फत लेखी उत्तर द्या.

अटकपूर्व जामीन सत्र न्यायालयात मागता येतो. गुन्हा बेळगावात आणि तुम्ही कोल्हापूरला किंवा पुण्याला असाल तर तिथल्या न्यायालयाकडून मर्यादित काळाचं संरक्षण मिळू शकतं. २० नोव्हेंबर २०२३ च्या प्रिया इंदोरिया निकालाने तो मार्ग मोकळा केला. त्या मुदतीत बेळगावच्या कोर्टात नियमित अर्ज करायचा.

वेगळं राहत असल्याचे कागद लगेच गोळा करा: शिधापत्रिका, भाडेकरार, गॅस जोडणी, कामावरची हजेरी, मुलांच्या शाळेचे दाखले. गुन्हा रद्द करण्यासाठी बेळगाव जिल्ह्यातल्यांना कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जावं लागतं, बीदरकडच्या भालकी-बसवकल्याणवाल्यांना कलबुर्गीला. गुन्हा कोल्हापूर किंवा सांगली जिल्ह्यात नोंदला असेल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच आहे. नवरा आणि दूरचे नातेवाईक यांची याचिका एकत्र करू नका. नवऱ्यावरचे ठोस आरोप सगळ्यांना खाली ओढतात. उच्च न्यायालयात जायची ऐपत नसेल तर आरोपपत्राच्या प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत खालच्याच कोर्टात दोषमुक्तीचा अर्ज करता येतो, हे अनेकांना माहीतच नसतं.

आणि सुनेच्या माहेरच्यांना फोन करून 'केस काढा नाहीतर बघा' म्हणू नका. त्यातून नवा गुन्हा होतो आणि जामीन धोक्यात येतो.

फौजदारीच्या बाहेरची वाट

अनेक घरांना हवं असतं ते डोक्यावर छप्पर, पोटगी आणि दागिने. फौजदारी खटला यातलं काहीच थेट देत नाही. त्यासाठी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करा. कर्नाटकात तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी हेच संरक्षण अधिकारी असतात. माहेरी तात्पुरतं राहत असाल तरी तिथे अर्ज चालतो आणि मिळालेला आदेश महाराष्ट्रातही लागू होतो. दोन्ही कागदांतले प्रसंग सारखे असले पाहिजेत, एवढं पाहा. महिलेला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. तातडीच्या मदतीला ११२ आणि महिलांसाठी १८१.

मिटवायचं ठरलं तर

शंभराच्या बाँडवर फारकत लिहून लग्न संपत नाही. जातीची रूढी असल्याचं कोणी म्हणालं तरी ती कोर्टात सिद्ध करावी लागते. ठाण्यात 'केस मागे घेतली' असं लिहून दिल्यानेही गुन्हा संपत नाही. परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज करा आणि गुन्हा रद्द करण्यासाठी दोघांच्या प्रतिज्ञापत्रांसह उच्च न्यायालयात जा. रक्कम टप्प्यांत ठरवा: काही पहिल्या अर्जाच्या वेळी, काही अंतिम जबाबाच्या वेळी, उरलेली गुन्हा रद्द होताना, शक्यतो डिमांड ड्राफ्टने. दागिन्यांची परतफेड यादीवर नग आणि वजन लिहून, सह्या घेऊन करा. उच्च न्यायालयाचा आदेश झाला म्हणजे खालच्या कोर्टातली तारीख आपोआप बंद होत नाही. आदेशाची प्रमाणित प्रत तिथे दाखल करावी लागते. ती राहून गेली तर पुण्याला नोकरी करणाऱ्या दिराच्या नावाने पुढे कधीतरी वॉरंट निघू शकतं, म्हणून प्रत दाखल झाल्याची नोंद दोन्ही बाजूंनी स्वतः जाऊन पाहावी.